वैशूची सुपारी

...नाही, पण मी म्हणतो, सुपारीला सुपारी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुम्ही सांगा! नारळाला नारळ म्हटलेलं चालतं, पानाला पान म्हटलेलं चालतं, हळकुंडाला कोणी काही विचारत नाही, आणि सुपारी म्हटलं की दारात हवालदार? ही कुठली रीत? अहो, आमच्या साताऱ्याकडं सोयरीक जमली की दोन्हीकडची चार म्हातारी माणसं घोंगडीवर बसतात, मधे सुपारी ठेवतात, फोडतात, खांडं वाटतात, तोंडात टाकली की झालं, शब्द पक्का. पोरीची सुपारी फुटली म्हणजे पोरगी दिली. माझ्या बापानं फोडली, त्याच्या बापानं फोडली, कोणाच्या बापाला कधी पोलीस विचारायला आला नाही! पण ह्या मुंबईनं त्या शब्दाचं वाटोळं केलं. सत्त्याण्णव सालची गोष्ट सांगतोय. रोज पेपरात तेच... ह्या बिल्डरची सुपारी दिली, त्या शेटची सुपारी घेतली, भर रस्त्यात बार काढला... आणि हे मला कसं ठाऊक? मला कुठं वाचता येतंय! मला वाचून दाखवायची प्रियदर्शिनी. तिथंच तर घोटाळा झाला. थांबा, सांगतो, घाई करू नका. कांदा मार्केटात, आधी मुंबईत, मग तुर्भ्याला, तीस वरसं पाठीवर ओझं वाहिलं, पण एक गोणी कधी घाईनं उतरवली नाही.

तर प्रियदर्शिनी म्हणजे माझ्या अरुणाची लेक, चेंबूरची, नववीतून दहावीत गेलेली, डोळ्यावर चष्मा, हातात कायम काहीतरी वाचायला. त्या उन्हाळ्यात तिला मामाकडं धाडली, म्हणजे आमच्याकडं, कोपरखैरण्याला. घरात मी, माझा लेक कृष्णात, सून सगुणा आणि नात वैष्णवी, आमची वैशू. दोन खोल्या, तिसरा मजला, वर गच्ची. पोरीला सोडताना अरुणा म्हणाली, "आठच दिवस हं राणी, मज्जा कर." आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. खाली वाण्याच्या फोनवर आई बोलायची ते गोड, बाप बोलायचा तो गोड, पण एकदा मला पोरगी म्हणाली, "आबा, दोघं एका दिवशी कधीच फोन करत नाहीत. आई असते तेव्हा बाबा घरी नसतात. बाबा असतात तेव्हा आई नसते." म्हटलं, कामं असतात गं. ती म्हणाली, "आमच्याकडे आधी सगळे भांडायचे ना, तेव्हा बरं होतं. आता सगळे गोड बोलतात." एवढीशी पोर, पण तिला कळलं होतं बघा. माणूस चिडतो, ओरडतो, तोवर त्याच्या पोटात काही नसतं. माणूस गोड बोलायला लागला की समजावं, कुठंतरी काहीतरी ठरलंय!

आणि मग आमच्या घरात सगळे गोड बोलायला लागले.

आता आमची सगुणा म्हणजे वाईट नाही हो, पण तिची जीभ म्हणजे नांगराचा फाळ. रोज सकाळी वैशूला उठवायची कशी? "ए बये, उठतीस का वतू पानी?" पोरगी दहावीची परीक्षा देऊन बसलेली, रिझल्ट जूनमध्ये. ती आणि ही चष्मेवाली, दोघींचं असं मेतकूट जमलं की विचारू नका. एका चादरीत झोपायच्या, एका ताटात जेवायच्या. प्रिया तिला इंग्रजी शिकवायची, वैशू तिला भाकरी थापायला शिकवायची आणि प्रियाची भाकरी बघून मीसुद्धा म्हणायचो की ही आता इंग्रजीच शिकवू दे. वैशूच्या मनात काय होतं, तर वाशीच्या कॉलेजात कॉमर्सला जायचं आणि पुढं बँकेत लागायचं. "काचेच्या आत बसायचं मला," असं म्हणायची. तिचा बाप उघड्यावर, आजा उघड्यावर, सगळा जन्म अंगाला कांद्याचा वास, हिला काचेच्या आत बसायचं होतं! रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून फॉर्म आणायला जायचं, असं पक्कं ठरलेलं.

आणि एक दिवस सगुणा सकाळी काय म्हणते, "वैशूबाळ... उठ गं माजी बाय... दूध गार व्हतंय."

प्रियदर्शिनीनं मला नंतर सांगितलं, ती अंथरुणातच दचकली म्हणे! दूध? बाळ? मग काय, रोजच सुरू. चेहऱ्याला हळद लावायची, उन्हात जाऊ द्यायचं नाही. शिंपी येऊन मापं घेऊन गेला. कृष्णात, ज्यानं आयुष्यात घरात कांद्याबटाट्याशिवाय काही आणलं नाही, तो सफरचंदं घेऊन आला. मग वैशूला फोटो काढायला नेली, उभा एक, बसलेला एक. प्रियानं विचारलं, "मामी, फोटो कशाला?" सगुणा गोड हसली. "एका मानसाला द्याचा हाय. वळक पटाय नको व्हय?"

गोड बोलत होते हो सगळे!

आता तुम्हाला कळलं असेल, मला तर ठाऊकच होतं. हौसेराव म्हणून माझा जुना हमालांच्या टोळीतला गडी, एका गोणीला दोघांनी हात लावलेला. त्याचा नातू कुलदीप, सत्तावीस वर्षांचा, द्रोणागिरीच्या बाजूला गोदामावर सुपरवायझर. हौसेरावनं शब्द टाकला, कृष्णातनं झेलला, आणि मला विचारलं तेव्हा मी "बघा बाबा, तुमच्या मनाला येईल तसं" असं म्हणालो. हे म्हणायला मला कोणी सांगितलं होतं? पण म्हणालो. म्हाताऱ्या माणसाला घरात जागा टिकवायची असली ना, की हे एवढंच वाक्य पाठ पाहिजे.

तर गुरुवारची दुपार. वैशू खाली नळावर. प्रिया कॉटवर डोळ्यावर पुस्तक ठेवून पडलेली, झोपलीय असं वाटून आमची तिघांची मसलत सुरू. लग्न हा शब्द काढायचा नाही, असं सगुणानं बजावलेलं, भिंतीला कान. मग कृष्णात म्हणतो, "आयतवारी अकरा वाजता येत्यात. वैशूची सुपारी फोडायची, इषय संपला." सगुणा म्हणते, "तिला कळता कामा न्हाई. कळलं तर गोंदळ घालंल." हा म्हणतो, "कळतंय कसं? आन पाऊस लागायच्या आत बार उडवून टाकू." ती म्हणते, "हितं नगं, हितं शेजारपाजार लई. गावाकडं न्यायची आन उरकायचं." आणि हा उसासा टाकून म्हणतो, "एकदा दोनाचे चार केले की आपुन सुटलो."

आता मला सांगा, ह्यात वावगं काय आहे? तुमच्याआमच्या घरात हेच बोलतात! पण चेंबूरची ती पोर, गावाला जन्मात दोनदा गेलेली, रोज सकाळी मला गोळीबाराच्या बातम्या वाचून दाखवणारी... तिच्या कानात काय गेलं? सुपारी. बार. गावाकडं नेऊन उरकायचं. दोनाचे चार! ती पुस्तकाखाली तशीच पडून राहिली. मामा, जो तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवायचा, तो मामा. मामी, जी गरम भाकरी आधी तिला वाढायची, ती मामी. आणि आबा? आबा भिंतीला टेकून बसले होते आणि मान हलवत होते... असं तिनं मला नंतर सांगितलं. मान हलवत होते म्हणाली. आता मी ऐकताना मान हलवतोच, मानेला सवय आहे.

त्या संध्याकाळपासून पोरीनं वैशूची पाठ सोडली नाही. वैशूच्या आधी दूध स्वतः चाखून बघायची. रस्त्यानं जाताना वैशूला आतल्या बाजूला ठेवायची. जिन्यात गॅस सिलिंडरवाला दिसला तर ही मधे हात पसरून उभी! वैशू म्हणायची, "काय झालंय तुला? येडी झाली काय?" ही म्हणायची, "काही नाही, टेन्शन नको घेऊस." आणि स्वतः पांढरी पडलेली.

शुक्रवारी सकाळी पेपर घेऊन माझ्याजवळ आली. वाचेना. नुसती बसली. मग एकदम विचारते, "आबा, घरच्यांनीच सुपारी दिली तर?"

मला वाटलं, पोरीला कुणकुण लागली, चांगलं झालं, हळूहळू समजावू. म्हटलं, "घरचीच देत्यात बाळ. भायेरची कशाला दितील?"

"आणि मुलीनं नको म्हटलं तर?"

"एकदा दिली की दिली. त्यात शबूद असतो."

तिचा चष्मा घसरला. "तुमच्या वेळेला पण असंच होतं?"

"म्हंजे काय! माजी आन तुझ्या आजीची येकाच दिवशी दिली व्हती."

"मग... मग तुम्ही वाचलात कसे?"

"वाचलो कुठं!" मी म्हणालो आणि हसलो हो, माझी आपली जुनी थट्टा. पोरगी माझ्याकडं अशी बघायला लागली, अशी... की माझं हसू तोंडातच राहिलं. म्हटलं, हिला काय झालं?

आणि शनिवारी ती पोर, जिनं घरी कधी एकटीनं रस्ता ओलांडला नाही, ती खोबरेल तेल आणायला म्हणून उतरली आणि थेट पोलीस चौकीत! तिथले हवालदार आमच्या पाटणकडचे, मोठ्या मिशांचे. त्यांनीच मागून सांगितलं. ही गेली, टेबलासमोर उभी राहिली, एका दमात म्हणाली, "माझ्या बहिणीची सुपारी दिलीय, उद्या अकरा वाजता माणसं येणार आहेत, फोटो आधीच दिलाय, गावाला नेऊन चार तुकडे करणार आहेत, आणि दिलीय माझ्याच मामानं." हवालदारांच्या हातातला चहा कपात राहिला म्हणे! पत्ता लिहून घेतला आणि म्हणाले, "तू घरी जा बाळ. कोनाला बोलू नको. आमी बघतो." गोडच बोलले.

पण पोरीला राहवलं नाही. संध्याकाळी गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना, तिनं वैशूचा हात धरला आणि सांगून टाकलं. सुपारी, बार, दोनाचे चार, सगळं. आणि म्हणाली, "आपण पळून जाऊ. माझ्याकडे बसपुरते पैसे आहेत."

वैशू ऐकत होती. हातात उन्हानं कडक झालेला टॉवेल. आधी ती हसली. मोठ्यानं हसली म्हणे, पोट धरून, "अगं येडे! सुपारी म्हंजे लगीन गं! बार उडवायचा म्हंजे लगीन! दोनाचे चार हात... ते बी लगीनच!"

प्रियाला रडूच फुटलं, सुटका झाल्याचं. "म्हणजे मारणार नाहीत ना तुला?"

"न्हाईत," वैशू म्हणाली. आणि बोलता बोलता तिचं हसू थांबलं. तुम्हाला सांगतो, ती पोरगी तिथंच टाकीच्या सावलीत खाली बसली. "न्हाईत मारनार," पुन्हा म्हणाली. टॉवेलाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. "रिझल्ट लागायच्या आधी," म्हणाली. "आन मला कळता कामा न्हाई."

प्रिया म्हणते, "मला इतकंच समजेना आबा. मारणार नव्हते, तर लपवत का होते?"

आहे उत्तर तुमच्याकडं?

मग वैशू खाली आली. मी दाराशी बसलो होतो. तिनं कपडे ठेवले, माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू विचारलं, "आबा, तुमी व्हता का त्यात?" बस. ओरडली नाही, रडली नाही. मी म्हटलं, आज लई उकडतंय. ती आत गेली.

रविवार उजाडला तो असा की झाडाचं पान हलेना. सगुणा पहाटेपासून गोड, कृष्णात इस्त्रीच्या कपड्यात गोड, वैशूला नवी साडी नेसवली, तीही गप नेसली. ती इतक्या मुकाट्यानं नेसली की सगुणासुद्धा दोनदा तिच्या तोंडाकडं बघून गेली. अकराला हौसेराव आला, त्याचा लेक आला, तो कुलदीप आला, मान खाली घालून बसला, बिचाऱ्याचे बूट नवीन असावेत, सारखा पाय चोळत होता. चहा झाला, पोहे झाले. वैशू ताट घेऊन आली, पाया पडली, आत गेली. हौसेराव म्हणाला, "कोंडिबा, आपुन गोनीला हात लावला तवा कदी इचार केला व्हता का, की आपुन याही व्हनार?" पाट मांडला. पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी. कृष्णातनं अडकित्ता उचलला, सुपारी अडकित्त्यात धरली...

आणि दारात काठी वाजली. "सुपारी कोनी दिली?"

हवालदार, मागं एक शिपाई. हौसेरावनं कप खाली ठेवला. आता घरात वडीलधारा मी. म्हटलं, "आमीच दिली, सायेब."

"कोनाची?"

"नातीची."

"आन घेनारा कोन?"

मी कुलदीपकडं बोट केलं. तो उठून उभाच राहिला, हात वर! मग हवालदारांनी पाटाकडं बघितलं, तांदळाकडं बघितलं, पोह्यांच्या बशांकडं बघितलं... आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "च्या मायला! ही सुपारी व्हय? आवो, एक चष्म्याची पोरगी आली काल चौकीत..." आणि असे हसले, असे हसले, सगळेच हसले, कृष्णात हसला, हौसेराव मांडीवर थापा मारतोय. सगुणा मात्र हसली नाही. तिनं मान वळवून कॉटच्या कोपऱ्यात बसलेल्या प्रियाकडं नुसतं बघितलं. पोर भिंतीत शिरायची बाकी राहिली.

हवालदार टेकले, पोहे घेतले. खाता खाता सहज विचारलं, "पोरगी काय करती?"

"धावी दिली औंदा," कृष्णात म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

चमचा थांबला. "धावी? वय किती?"

"अठरा," सगुणा म्हणाली. इतक्या गोड आवाजात कधी बोलली नव्हती. "येक वरीस नापास झाली व्हती... दोन वरसं."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. भांडंच असेल. हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमी सांगा."

आता मला काय येतं? मला पाटी नाही, पेन्सिल नाही, दाखला वाचता येत नाही. मी माझ्या हिशोबानं सांगणार. म्हटलं, "सायेब, त्याचं आसं हाय, मार्केट मुंबईतनं तुर्भ्याला आलं ना..." कृष्णात म्हणाला, "आबा, चा घ्या." म्हटलं, घेतो. "तर मार्केट आलं, त्या उन्हाळ्यात मी रातपाळी करून घरी आलो तर ही जन्माला आलेली. ते मार्केटाचं पयलं साल. दुसऱ्या साली माझ्या पाठीत उसण भरली..." सगुणा म्हणाली, "मामंजी, तुमची गोळी घ्यायची ऱ्हायली." म्हटलं, घेतो. "तिसऱ्या साली हौसेरावचा पाय गोनीखाली आला, इचारा त्याला." हौसेराव म्हणाला, "आरं कोंडिबा, कशाला ते?" मी बोटाची पेरं मोजत होतो. कोणत्या साली शेडचा पत्रा पडला, कोणत्या साली म्हातारी गेली, कोणत्या साली मी गोणी सोडली, सगळं सांगितलं, सावकाश, माझ्या चालीनं. शेवटाला करंगळीच्या पेरावर आलो. "सोळा व्हत्यात, सायेब. जास्त न्हाई व्हत."

हवालदारांनी बशी खाली ठेवली. मग त्यांचा आवाज वेगळा झाला. कायदा सांगितला, बापाला काय होतं, नवऱ्याला काय होतं, बसलेल्यांना काय होतं. कुलदीपनं बूट घालायच्या आधीच जिना गाठला. हौसेराव उठला, माझ्याकडं बघितलं नाही. आजतागायत बघितलेलं नाही. माझ्या टोळीतला गडी. कुठं भेटला तर रस्ता बदलतो.

दुसऱ्या दिवशी अरुणा येऊन प्रियाला घेऊन गेली. एकटीच आली होती. दोघी पोरी जिन्यात उभ्या राहिल्या, वैशूनं तिचा चष्मा काढून आपल्या ओढणीनं पुसला आणि परत घातला. एवढंच. फॉर्म आणायला मग वैशूबरोबर मी गेलो, वाशीला. मला फॉर्म कुठला ते कळेना, पण रांगेत उभं राहायला काय, मी उभा राहतो.

कृष्णातनं अंगठ्यासारखी सही केली त्याच्यावर. का केली? कारण हवालदार म्हणून गेले होते, "मी येऊन बघून जानार." आणि आले हो! दर महिन्याला यायचे. पहिल्यांदा काठी घेऊन, मग नुसतेच. चहा घ्यायचे, वैशूला विचारायचे, "काय बाळ, अभ्यास कसा चाललाय?" अकरावीचे मार्क बघितले, बारावीला पेनाचा डबा दिला. सगळी बिल्डिंग म्हणायला लागली, काय देवमाणूस आहे! मीही म्हणालो. कृष्णात घाबरून गप्प, सगुणा चिडून गप्प, आणि एकटे हवालदार तेवढे गोड बोलत होते... दोन वर्षं! आणि मला मेल्याला काही कळू नये?

परवा वैशूला अठरा पुरी झाली. बारावी झाली, आता तीन वर्षांचं ते बी.कॉम. म्हणते. आणि काल सकाळी अकरा वाजता दारात हवालदार. काठी नाही, टोपी नाही, पांढरा शर्ट, हातात पेढे, मागं त्यांची थोरली बहीण, आणि बहिणीच्या मागं तिचा पोरगा, नुकताच खात्यात भरती झालेला, केस बारीक कापलेले. पाटावर बसले. कृष्णातच्या तोंडाला पाणी सुटलंय, सगुणाचा आवाज पुन्हा विरघळलाय. हवालदार माझ्याजवळ सरकले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, आता कायद्यात बसतंय. घेऊ का फोडून?"

आत पोरगी दार लावून बसलीय, यंदा घरात आलेल्या फोनवर प्रियाशी बोलतेय, आणि ती चष्मेवाली तिकडून ओरडतेय म्हणे, पोलिसात जा, पोलिसात जा...

अहो, कुठं जायचं? सुपारी घेऊन पोलीसच पाटावर बसलाय.